पेटी नव्हे, रांजण!

पँडोराची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी शाळकरी वयात ऐकलेली असते. देवांनी तिला एक पेटी दिली आणि 'उघडू नकोस' असे बजावले. तिला राहवले नाही. झाकण उघडताच रोगराई आणि दुःखे जगभर पसरली. आत उरली फक्त आशा. तात्पर्य काय, तर नको त्या चौकशा करू नयेत. मोठेपणी आपण मूळ ग्रीक कथेकडे वळतो, तेव्हा मात्र चकित होतो. यातले बरेचसे तिथे नाहीच!

ही कथा आज आपल्याला सर्वांत आधी भेटते ती इ.स.पू. ७०० च्या सुमारास होऊन गेलेल्या हेसिअड या कवीच्या दोन काव्यांत. 'थिऑगनी'मध्ये देव पहिली स्त्री घडवतात. पण तिथे तिला नाव नाही आणि पेटीही नाही. 'कामे आणि दिवस' अशा अर्थाचे नाव असलेल्या दुसऱ्या काव्यात पँडोरा हे नाव येते. तिथे ती झाकण काढते ते पेटीचे नव्हे, तर 'पिथॉस'चे. पिथॉस म्हणजे धान्य, तेल, मद्य साठवायचा मातीचा रांजण. क्रीट बेटावर नॉसस येथे असे माणसाएवढे उंच रांजण उत्खननात सापडले आहेत.

तो उघडू नये अशी ताकीद हेसिअडच्या पँडोराला कोणी दिलेली नाही. तिच्या कुतूहलाचाही उल्लेख नाही. ताकीद आहे ती एपिमिथ्यूसला, 'झ्यूसकडून भेट घेऊ नकोस' अशी. ती तो विसरतो.

मग कथेचा रोख कशावर आहे? हेसिअड शेतीवर जगणाऱ्यांचा कवी. देवांनी माणसाची उपजीविका लपवून ठेवली, एरवी एका दिवसाच्या कामात वर्षाची बेगमी झाली असती, असे तो कथेच्या आरंभी सांगतो. माणसाला एवढे कष्ट का, हा त्याचा प्रश्न आहे. शेतकऱ्याच्या घरचे सारे धन रांजणात असते, हे लक्षात घेतले की रांजणाचे महत्त्व कळते. हेसिअड स्त्रीबद्दल कठोर बोलतो, हेही लपवायचे कारण नाही.

पुढे कथा बदलत गेली. बेब्रिअस या ग्रीक कथाकाराच्या रांजणात दुःखे नसून सुखे आहेत, आणि आत काय आहे हे पाहण्याच्या उतावळेपणाने तो उघडणारा आहे एक पुरुष! इरॅस्मस या डच विद्वानाने १५०८ साली आपल्या लॅटिन ग्रंथात रांजणाऐवजी 'पिक्सिस', म्हणजे डबी, हा शब्द वापरला. एका रोमन कथेत सायकी कुतूहलापोटी अशीच एक डबी उघडते; दोन कथांची सरमिसळ झाली असावी, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. तेव्हापासून रांजण मागे पडला आणि पेटी रूढ झाली.

आपण विज्ञान शिकवणारी माणसे. 'आत काय आहे?' हा तर आपल्या वर्गातला पहिला प्रश्न. त्याला, विशेषतः मुलींच्या तोंडून आला म्हणून, दोष देणारे तात्पर्य किती जुने आहे हे तपासायलाच हवे. या कथेची दोन रूपे वर्गात शेजारी ठेवून पाहावीत: कोणते आधीचे, काय बदलले, का बदलले? आणि एक प्रश्न विद्यार्थ्यांवरच सोडावा. दुःखांच्या रांजणात आशा मुळात होतीच कशी? आणि ती आत राहिली, म्हणजे माणसाला मिळाली की त्याच्यापासून दूर राहिली? यावर विद्वानांचेही अजून एकमत झालेले नाही.