आमच्या वेळची रेस

मोटार रेसिंगच्या जुन्या चाहत्याला विचारून बघा, 'कालची रेस पाहिलीत का?' उत्तर बहुतेक वेळा कालच्या रेसबद्दल नसतंच. ते वीस, तीस, कधी पन्नास वर्षांपूर्वीच्या रेसबद्दल असतं. तेव्हा इंजिनं कशी किंचाळायची, ड्रायव्हर कसे वाघ होते, आणि आता काय... सगळं कॉम्प्युटरवर चालतं, पोरं नुसती स्टिअरिंगवरची बटणं दाबतात. (कॉम्प्युटरवरच पोट असलेल्या माणसाने हे निमूट ऐकून घ्यायचं असतं.) संगीत नाटकांवर किंवा कसोटी क्रिकेटवर गप्पा निघाल्या की आपल्याकडेही हाच सूर लागतो. पण रेसिंगमधल्या या हळहळीत एक गोष्ट वेगळी आहे. तिथे त्या सोन्यासारख्या काळात माणसं मरायची, आणि नेमाने मरायची.

ही हळहळ जिथे अगदी विटा-सिमेंटसकट उभी केलेली आहे अशी जागा म्हणजे इंग्लंडच्या दक्षिणेचं गुडवुड. दुसऱ्या महायुद्धात इथे वेस्टहॅम्पनेट नावाचा लढाऊ विमानांचा तळ होता. जमीन ड्यूक ऑफ रिचमंडची. युद्ध संपलं आणि तळाभोवती फिरणारा डांबरी रस्ता तेवढा राहिला. ड्यूकसाहेब स्वतः रेसिंगवाले. १८ सप्टेंबर १९४८ ला त्यांनी या जेमतेम चार किलोमीटरच्या रस्त्यावर पहिली रेस भरवली. त्या दिवशी ५०० सीसीच्या छोट्या गाड्यांची शर्यत जिंकणाऱ्या पोराचं वय होतं १९ आणि नाव होतं स्टर्लिंग मॉस.

पुढची अठरा वर्षं गुडवुड गाजलं. १९६६ मध्ये ड्यूकनेच ते बंद केलं. गाड्यांचा वेग इतका वाढला होता की सर्किट सुरक्षित ठेवायचं तर ते बदलावं लागलं असतं, आणि ते त्यांना करायचं नव्हतं. मॉसची रेसिंगची कारकीर्दही इथेच मोडली. २३ एप्रिल १९६२ ला त्याची लोटस मातीच्या बांधावर जाऊन आदळली. महिनाभर तो बेशुद्ध होता आणि डावी बाजू सहा महिने लुळी होती. शर्यती बंद झाल्यावरही इथे गाड्यांच्या चाचण्या चालत. २ जून १९७० ला अशाच एका चाचणीत गाडीच्या मागचं कवच निखळलं आणि ब्रूस मॅक्लारेन गेला. आजच्या मॅक्लारेन टीमला ज्याचं नाव आहे, तोच हा.

मग १८ सप्टेंबर १९९८ ला, म्हणजे बरोब्बर पन्नास वर्षांनी, ड्यूकच्या नातवाने हेच सर्किट पुन्हा उघडलं. 'गुडवुड रिव्हायव्हल' हे त्या जत्रेचं नाव. इथे धावणाऱ्या गाड्या १९४८ ते १९६६ मधल्या शर्यतींच्या जातकुळीच्याच. प्रेक्षकांनीही त्या काळचे कपडे घालून यावं अशी अपेक्षा, आणि लोक खरोखर तसे येतात. शर्यतींच्या दिवसांत सर्किटच्या आत आजची मोटार आणायला बंदी! गंमत म्हणजे २०२४ पासून तिथल्या शर्यती नव्या तऱ्हेच्या टिकाऊ इंधनावर होतात. वास जुना नाही, आवाज मात्र तोच.

आता प्रश्न असा, की १९६६ पर्यंतच्या त्या काळात बसलेल्या लोकांना तो काळ सोन्याचा वाटत होता का? इथे इतिहास फार मजेशीर आहे.

१९५८ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनमध्ये माइक हॉथॉर्नच्या विश्वविजेतेपदाचा सोहळा चालू होता. तिथेच रेसिंगच्या जागतिक संघटनेने जाहीर केलं की १९६१ पासून फॉर्म्युला वनची इंजिनं अडीच लिटरवरून दीड लिटरवर येणार. कारण वेग आणि अपघात. इंग्रज मंडळी भडकली. या फटफट्यांना कोण ग्रां प्री म्हणणार? ही काय बघण्यासारखी रेस होईल? रुसवा इतका, की ब्रिटिशांनी मोठ्या इंजिनांसाठी 'इंटरकॉन्टिनेंटल फॉर्म्युला' नावाची वेगळी चूल मांडली. ती १९६१ च्या एका मोसमापलीकडे टिकली नाही. आणि वेग कमी करून अपघात थांबले म्हणावं, तर तेही नाही. त्याच वर्षी मोंझाला फॉन ट्रिप्स आणि त्याच्याबरोबर डझनाहून जास्त प्रेक्षक मेले.

पण त्याच 'फटफट्यां'च्या काळात जिम क्लार्क १९६३ आणि १९६५ ला विश्वविजेता झाला. त्याची सिगारसारखी निमुळती लोटस २५ आज गुडवुडला आली की जुने लोक हातातला चहा खाली ठेवतात. ज्या गाड्यांना जन्माआधीच नावं ठेवली गेली, त्या आता 'खऱ्या' रेसिंगचा नमुना झाल्या.

हा खेळ दर पिढीला होतो. २०१४ ला फॉर्म्युला वनमध्ये १.६ लिटरची टर्बो-हायब्रिड इंजिनं आली तेव्हा आवाजावरून जो गदारोळ झाला, तो ऐकून १९५८ च्या त्या सोहळ्यातले पाहुणे नक्की सुखावले असते. तेव्हा सगळ्यांना आठवलं ते तीन लिटरचं व्ही-१०. मिनिटाला एकोणीस हजार फेऱ्यांपर्यंत जाणारं ते इंजिन. त्या आवाजापुढे नवी गाडी म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर, असं लोक म्हणाले. मलाही तो आवाज आवडतो, नाही कशाला म्हणू? पण व्ही-१० च्या काळात आम्ही प्रेक्षक काय बोलत होतो? शूमाकरच जिंकणार तर बघायचं कशाला. ओव्हरटेकिंग होतच नाही. खाचा पाडलेले टायर म्हणजे मूर्खपणा.

आणि त्या युगाचं शेवटचं मोठं वर्ष, २००५, म्हणजे आपल्या नारायण कार्तिकेयनचं जॉर्डनमधलं पहिलं वर्ष. भारतीय ड्रायव्हरला फॉर्म्युला वनमध्ये पहिल्यांदा गुण मिळाले ते इंडियानापोलिसला, १९ जून २००५. तो चौथा आला. ऐकायला झकास. पण त्या दिवशी मिशेलिनचे टायर सुरक्षित नव्हते म्हणून वीसपैकी चौदा गाड्या सुरुवातीआधीच पिटमध्ये वळल्या आणि रेस सहा गाड्यांची झाली. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, पैसे परत मागितले. तेव्हा व्ही-१० किती सुरेल वाजतंय, इकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

आमच्या धंद्यातही असंच असतं. जुनी सिस्टीम किती साधी होती, असं म्हणणारा रात्री दोन वाजता ती कोसळल्यावर उठायला नव्हता, किंवा होता आणि विसरलाय. असो.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येतं. पण जुन्या काळाशी खरं भांडण ज्याने त्या काळातच केलं, त्याचं नाव जॅकी स्टुअर्ट. १९६६ ची स्पा. तेव्हाचं सर्किट १४ किलोमीटरचं, गावातल्या रस्त्यांवरून, घरं, खांब आणि झाडांमधून जाणारं. पहिल्याच फेरीत पाऊस आला आणि स्टुअर्टची गाडी रस्ता सोडून खाली गेली. तो अडकला. पेट्रोल अंगावर गळत होतं, एक ठिणगी पुरली असती. मार्शल नाहीत, हत्यारं नाहीत. ग्रॅहम हिल आणि बॉब बॉन्ड्युरंट या दोन ड्रायव्हरांनी एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणला, स्टिअरिंग काढलं आणि त्याला बाहेर ओढलं. पंचवीस मिनिटं गेली होती.

त्यानंतर स्टुअर्ट कठडे, डॉक्टर, सीटबेल्ट यांच्या मागे हात धुऊन लागला. १९६९ ला ड्रायव्हरांच्या मागण्या मान्य न झाल्याने स्पाची रेस रद्द झाली, १९७० ला जर्मन ग्रां प्री न्युर्बुर्गरिंगहून हॉकेनहाइमला गेली. आणि त्याला दाद मिळाली? मोटार स्पोर्ट मासिकात डेनिस जेन्किन्सनसारखा मोठा लेखक त्याच्यावर तुटून पडला. हा पळपुटेपणा रेसिंगचा आत्मा मारतोय, असा सूर. जेन्किन्सन काही घरात बसून लिहिणारा नव्हता. १९५५ च्या मिले मिल्यात मॉसच्या शेजारी बसून हातात कागदाची गुंडाळी धरून हजार मैल रस्ता सांगणारा हाच माणूस. दहा तास, सात मिनिटं, अठ्ठेचाळीस सेकंद. त्याला धोका ठाऊक होता आणि तो त्याला हवा होता. म्हणूनच त्याचं म्हणणं झटकून टाकता येत नाही.

मला मात्र यात स्टुअर्टच बरोबर वाटतो. जेन्किन्सनला आवडलेल्या त्या रेसिंगचा हिशेब दुसऱ्यांनी भरला. १९७३ च्या झांडवूर्टला रॉजर विल्यमसनची गाडी उलटून पेटली. डेव्हिड पर्ली आपली गाडी सोडून धावत गेला आणि एकटाच ती उलटी करायला बघत राहिला. रेस चालूच होती. विल्यमसन वाचला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वॉटकिन्स ग्लेनला स्टुअर्टचा सहकारी फ्रांस्वा सेव्हेर सरावात मेला. स्टुअर्टची ती शंभरावी रेस होणार होती. तो ती धावला नाही आणि पुन्हा कधीच धावला नाही.

२०१८ ला ड्रायव्हरच्या डोक्याभोवती हेलोची धातूची कमान आली तेव्हाही चाहते 'गाडीचं रूप गेलं' म्हणून ओरडले होते. रोमां ग्रोजाँ स्वतः विरोधात होता. २९ नोव्हेंबर २०२० ला बहारीनला त्याची गाडी कठड्यात घुसून दोन तुकडे झाली, पेट घेतला, आणि तो आगीतून चालत बाहेर आला. हेलो नसता तर आपण आज इथे नसतो, हे नंतर त्यानेच सांगितलं.

आणि मॉस? धोका हा रेसिंगचा भागच आहे, असं तो आयुष्यभर मानत आला. १९६२ नंतर त्याची मोठी कारकीर्द संपली, पण जुन्या गाड्यांच्या शर्यतींत तो म्हातारपणीही उतरायचा. जून २०११, ल माँ. वय ८१. जुन्या पोर्शमधून पात्रता फेरी मारताना त्याला भीती वाटली. गाडीतून उतरला आणि त्याच दिवशी रेडिओवर सांगून टाकलं, आज मला भीती वाटली, आता पुरे.