पुढचं वचन वाच

25 डिसेंबर आला की आमच्या उमरखेडच्या वस्तीत दोन कार्यक्रम व्हायचे. विहारापुढं मनुस्मृती दहन दिन. 1927 साली याच तारखेला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली, म्हणून. आणि वस्तीच्या टोकाला एका घरावर कागदाची चांदणी लटकायची. ते घर मास्तर आबाचं. आबा माझ्या आजोबांचा चुलतभाऊ. आमच्यातलाच माणूस. पण त्याच्या बापानं 1956 च्या कितीतरी आधी येशू धरला होता. आम्ही पोरं त्याला पाठीमागं 'पाद्री' म्हणायचो. लग्नामौतीला जायचो, पण चळवळीच्या हिशेबात तो माणूस आम्ही धरतच नव्हतो.

तेव्हा मी नुकताच कार्यकर्ता झालो होतो. एका बैठकीत ऐकलं की बायबलातसुद्धा गुलामगिरीला आधार आहे. आकडा पाठ केला : इफिसकरांस पत्र, अध्याय 6, वचन 5. तिथं पौल दासांना मालकाच्या आज्ञेत राहायला सांगतो. झालं. हत्यार हाती लागलं. त्याच 25 डिसेंबरला मी आबाच्या ओसरीवर जाऊन बसलो नि म्हणालो, "आबा, तुमची मनुस्मृती काढा."

आबा रागावला नाही. चष्मा लावला, पुस्तक माझ्यापुढं सरकवलं नि म्हणाला, "वाच." मी पाचवं वचन मोठ्यानं वाचलं. "थांबला काहून? पुढचं वचन वाच." मी नवव्यापर्यंत गेलो. तिथं पौल मालकांकडं वळतो. धमकावणं सोडा म्हणतो, दोघांचा धनी वर एकच आहे नि तो कोणाचं तोंड पाहून वागत नाही म्हणतो. मी म्हणालो, "तरी आबा, मालक मालकच राहिला. दास दासच राहिला. सुटला कोण?"

आबा बराच वेळ बोलला नाही. मग त्यानं बोट ठेवून दाखवलं. पानाच्या कडेला पेन्सिलीनं केलेलं प्रश्नचिन्ह होतं, जुनं, पुसट झालेलं. "हे मलेबी टोचते, बाबू. पण एक वचन उपटून भांडाले येऊ नको. मागचं वाच, पुढचं वाच. कोण बोलते, कोणापाशी बोलते, कोणाच्या फायद्याचं बोलते, ते पाह्य. मंग भांड."

मित्रांनो, हा लेख धर्मांतराबद्दल नाही. तो प्रश्न आपल्यापुरता 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला सुटला. हा लेख वाचण्याबद्दल आहे. वचनावचनावर बोट ठेवून वाचणं हेसुद्धा एक हत्यार आहे, नि ते कोणी कोणाविरुद्ध वापरलं याला इतिहास आहे.

आपल्या देशात पुस्तक आधी कानाला बंद होतं. शूद्रानं वेद ऐकला तर त्याच्या कानात तापलेलं शिसं नि लाख ओतावं, असं गौतम धर्मसूत्र सांगतं. तिथं वाचण्याची गोष्टच सोडा. बायबलही युरोपात शेकडो वर्षं लॅटिनमध्ये कोंडलेलं होतं. पुस्तक लोकांच्या भाषेत आलं, छापलं गेलं, तेव्हा कोंडी फुटली. 1551 साली रोबेर एस्तिएन या छापखानेवाल्यानं ग्रीक नव्या कराराला वचनांचे आकडे घातले. दिसायला साधी गोष्ट. पण आकडा पडला नि चांभाराला, विणकऱ्याला, मोलकरणीला पाद्र्याच्या तोंडावर सांगता येऊ लागलं, की तुम्ही सांगता ते इथं नाही, हे बघा, हा अध्याय, हे वचन.

मराठीत नवा करार 1811 साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून निघाला. विल्यम केरीच्या हाताशी पंडित वैजनाथ होते. पुढं पंडिता रमाबाई हिब्रू नि ग्रीक शिकल्या नि बायामाणसांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणायला बसल्या. 1922 च्या एप्रिलात त्या गेल्या, तोवर काम हातावेगळं झालं होतं. 1924 ला ते बाहेर आलं, केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात, बायकांच्या हातांनी जुळवलेल्या खिळ्यांनी. रमाबाई जन्मानं ब्राह्मण होत्या, हे विसरायचं कारण नाही. पण पोथीतल्या अक्षराला बाईचा हात लावणं म्हणजे काय, हे आपण तरी समजून घेतलं पाहिजे.

आता दुसरी बाजू. 1807 साली लंडनला एक बायबल छापलं, वेस्ट इंडीजच्या मळ्यांवरच्या काळ्या गुलामांसाठी. बायबलाचे एकूण अध्याय 1,189. यात ठेवले 232. काय कापलं? मोशे आपल्या लोकांना मिसरच्या गुलामीतून बाहेर काढतो तो भाग कापला. गलतीकरांस पत्रातलं 3 : 28 कापलं, कारण तिथं दास आणि स्वतंत्र हा भेद उरत नाही. आणि ठेवलं काय? इफिस 6 : 5. म्हणजे मी आबाच्या ओसरीवर जे वचन एकटं उपटून नेलं, तेच मळेवाल्यांच्या कामाचं होतं. ग्रंथ कापणारा नि वचन उपटणारा, दोघांची कात्री एकच.

पण ऐकणारे मुके नव्हते. अमेरिकेतल्या जॉर्जियात चार्ल्स जोन्स नावाचा मिशनरी गुलामांपुढं फिलेमोनाचं पत्र घेऊन प्रवचन करत होता. अनेसिम हा दास पळून गेला, पौलानं त्याला मालकाकडं परत धाडलं, म्हणून पळून जाऊ नका, असा त्याचा बोध. त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय की अर्धे लोक उठून चालते झाले. राहिलेल्यांतले काही म्हणाले, असलं पत्र बायबलात नाहीच. त्या लोकांना वाचायला शिकणं बंद होतं. पण कोण कोणाच्या फायद्याचं बोलतोय, हे त्यांना बरोबर कळलं. त्यांनी सोळावं वचन वाचलं असतं तर आणखी बोलले असते. पौल तिथं म्हणतो, याला दास म्हणून नको, भाऊ म्हणून घे. मिशनरी तिथवर गेलाच नव्हता.

1873 साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनं नाव घेतलं काळ्यांच्याच पँथरचं. काळ्यांचं नि आपलं नातं जुनं आहे. म्हणून त्यांचा वाचण्याचा इतिहासही आपला आहे.

त्या दिवसानंतर मी आबाकडं जाऊ लागलो. घरी सांगत नव्हतो. आबा एका बैठकीला एकच उतारा घ्यायचा.

एकदा त्यानं योहानाचा चौथा अध्याय काढला. विहिरीवर शोमरोनी बाई पाणी भरायला येते. सातव्या वचनात येशू तिला पाणी मागतो. नवव्यात ती विचारते, तू यहुदी नि माझ्याकडं पाणी कसं मागतोस? यहुदी शोमरोन्यांना शिवत नसत. आबा मोठ्या अभिमानानं म्हणाला, "पाह्य, वरच्यानं खालच्याले पाणी मागतलं." मी पुढचं वचन वाचलं. त्याच्याही पुढचं वाचलं. बोलणं जिवंत पाण्यावर जातं, तिच्या नवऱ्यांवर जातं, कोणत्या डोंगरावर भजावं यावर जातं. अठ्ठाविसाव्या वचनात बाई घागर तिथंच टाकून गावाकडं जाते. मी विचारलं, "आबा, तो पाणी पेला कुठं?" आबानं दोनदा उतारा वाचला. पेल्याचं कुठंच लिहिलेलं नाही. मी म्हणालो, 20 मार्च 1927 ला महाडच्या तळ्यावर बाबासाहेब ओंजळीनं पाणी प्यायले. त्यांच्यामागं हजारो लोक प्यायले. आमच्या गोष्टीत पाणी घशाखाली उतरलं. आबा हसला. "लिहून ठेव," म्हणाला. मग त्यानंच कडेला पेन्सिलीनं 'महाड' असं लिहिलं.

दुसऱ्यांदा माझी जिरली. लूक, अध्याय 4. येशू आपल्या गावात, नासरेथच्या सभास्थानात, यशयाचं पुस्तक उघडून वाचतो : गरिबांना चांगली बातमी, बंदिवानांना सुटका, चिरडलेल्यांना मोकळीक. मी म्हणालो, "म्हणूनच गाववाल्यांनी त्याला कड्यावरून लोटायला नेलं." आबा म्हणाला, "आकडे पाह्य." अठराव्या वचनात तो सुटकेचं वाचतो. बाविसाव्यात लोक खूश आहेत, त्याच्या बोलण्याचं नवल करतायत. राग येतो अठ्ठाविसाव्यात. मग मधे काय झालं? पंचवीस ते सत्तावीस. तिथं तो सांगतो की दुष्काळात संदेष्टा गेला तो सारफथच्या परक्या विधवेकडं, नि कोडातून बरा झाला तो सुरियाचा नामान. घरचे तसेच राहिले. म्हणजे गरिबांच्या सुटकेला कोणाचीच हरकत नव्हती. टाळ्याच होत्या. ती सुटका वेशीबाहेरच्यांना मिळाली, हे नाव घेऊन सांगितल्यावर कडा आठवला. मित्रांनो, आपल्या 14 एप्रिलच्या स्टेजवर येऊन समतेवर बोलणारे पुढारी आठवा. टाळ्या कुठवर असतात नि त्यांचे चेहरे कुठं बदलतात, तो आकडा आपल्याला पाठ आहे.

बाबासाहेब असेच वाचत होते. 'शूद्र पूर्वी कोण होते' हा त्यांचा 1946 चा ग्रंथ काढा. पुरुषसूक्ताला ते नुसती शिवी देत नाहीत. एकेक ऋचा घेतात नि अकरावी-बारावी बाकीच्यांशी का जुळत नाही ते दाखवतात. शांतिपर्वातला पैजवन शूद्र होता की नाही हे ठरवायला वेगवेगळ्या हस्तलिखितांतले पाठ समोरासमोर मांडतात. महाडला जाळण्याआधीही मनुस्मृतीत काय आहे ते त्यांना माहीत होतं. जाळणारा माणूस वाचणारा होता. आपण नुसतं जाळायचं उचललं.

ख्रिस्ती धर्मालाही त्यांनी सोडलं नाही. 1938 च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती लोकांपुढं ते बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त ही दोनच माणसं आपल्या विचारात आहेत, असं सांगून त्यांनी त्याच सभेत सुनावलं, की दक्षिणेतल्या देवळांत तुमच्यात जात पाळतात, नि अन्यायाविरुद्ध तुम्ही लोक उभे राहत नाही. धर्मांतरितांच्या स्थितीवर लिहिताना त्यांनी मुळावरच बोट ठेवलं. तुझं दुःख तुझ्या पापातून आलं असं शिकवलं, की माणूस गावच्या व्यवस्थेशी भांडणार कशाला? तो क्षमा मागत बसणार. आबाला मी हे वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "खरं हाय. आमाले निर्गम कमी सांगतला, पाप जास्त सांगतलं."

आबाचं हे गाऱ्हाणं पुढं एका मराठी माणसानंच मोठं करून मांडलं. अरविंद निर्मळ. 1981 साली बंगळूरला त्यांनी ख्रिस्ती पंडितांना सांगितलं, की तुमची ईश्वरविद्या वरच्या जातींच्या डोक्यातून निघाली, आता दलिताची उभी करा. त्यांनी अनुवादाचा सव्विसावा अध्याय घेतला, पाच ते बारा वचनं. इस्राएली माणूस कबुली देतो ती आपल्या भटक्या बापापासून सुरू होते. निर्मळ म्हणतात, आपणही आपल्या दलित बापजाद्यांपासूनच सुरुवात करायची, लपवायचं नाही. आणि सुटका म्हणजे दुधामधाचा मुलूख नव्हे, सुटका म्हणजे माणूसपण.

मला मात्र इथं पुढचं वचन वाचावंसं वाटतं. तो मुलूख रिकामा नव्हता. अनुवादाच्या सातव्या अध्यायात तिथल्या लोकांचा निकाल लावायचा हुकूम आहे. अमेरिकेतल्या ओसेज जमातीच्या रॉबर्ट वॉरियर यांनी 1989 साली हाच सवाल केला : आम्ही या गोष्टीतले कनानी आहोत, आमचं काय? आपल्या तालुक्यात आंध, गोंड, कोलाम आहेत. आपल्या सुटकेच्या गोष्टीत ते कुठल्या वचनात येतात, हे आपण विचारलंय का?

सरकारनं तर आबाचं नि आपलं नातं कागदावरच तोडलं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जात फक्त हिंदूत धरली. 1956 ला शीख आले, 1990 ला आपण बौद्ध आलो. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिला. वस्ती एक, पूर्वज एक, पाणवठ्यावरचा अपमान एक, नि दाखला वेगळा. यावर आपल्या किती सभांत ठराव झाला?

आता शेवटचं, आपल्या घरचं. 1950 साली बाबासाहेबांनी महाबोधी सोसायटीच्या मासिकात लिहिलं, की बौद्धांचं वाङ्मय अफाट आहे, सामान्य माणसाला ख्रिस्त्यांच्या बायबलासारखा हाती धरता येईल असा एकच ग्रंथ पाहिजे. तो त्यांनी लिहिला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' 1957 साली, ते गेल्यावर, छापून आला. उघडून बघा. खंड, भाग आणि प्रत्येक वाक्यसमूहाला आकडा. तो आकडा कशासाठी घातला? बोट ठेवायसाठी. प्रास्ताविकात त्यांनी स्वतःच चार अडचणीचे प्रश्न काढलेत नि वाचणाऱ्यांना विचार करायला बोलावलंय. आणि आपण काय केलं? ग्रंथ टेबलावर ठेवला, हार घातला, मेणबत्ती लावली. माझी प्रत मी काढून पाहिली. एका पानावर पेन्सिलीची रेघ नव्हती.

आबा आता नाही. त्याचं पुस्तक नातीकडं आहे, कडेला प्रश्नचिन्हं नि एका ठिकाणी 'महाड'.

मी एवढंच सुचवतो. दर रविवारी विहारात एक तास. हार नको, भाषण नको, हाती पेन्सिल. सुरुवात पहिल्या खंडातल्या रोहिणी नदीच्या पाण्यापासून करू. म्हातारा, रोगी नि प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडतो ही जुनी गोष्ट बाबासाहेबांना पटली नाही. शाक्य नि कोलियांच्या पाण्याच्या भांडणात त्यानं युद्धाला नकार दिला, हे त्यांनी पुढं आणलं. का आणलं? पैनगंगेकाठच्या माणसाला हे पटवून द्यायची गरज पडू नये. पण वाचू. आणि ज्याला एक आकडा पाठ आहे त्याला थांबवून सांगू : बाबू, पुढचं वाच.

आबाच्या नातीलाही बोलवायचं आहे.

जयभीम.