तसबिरीचे आयुष्य

फोटोग्राफीची कला इ. स. १८३९ मध्ये पॅरिस येथे जाहीर झाली आणि १८५४ मध्ये मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तेव्हापासून शतकाहून अधिक काळ तसबीर म्हणजे चांदीच्या क्षारांवर प्रकाशाने केलेला संस्कार, अशीच समजूत होती. या जुन्या कलेची परमावधी खानदेशात पाहावयाची असल्यास चाळीसगावी जावे. तेथे केकी मूस (१९१२–१९८९) यांनी आयुष्याचा बहुतेक काळ घराच्या भिंतींआड घालवून माणसांच्या मुद्रा टिपल्या आणि टेबलावर मांडलेल्या क्षुद्र वस्तूंतून विस्तीर्ण देखाव्यांचा भास निर्माण केला.

१९७५ मध्ये कोडक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी डिजिटल कॅमेरा सिद्ध केला. त्यास एक चित्र नोंदविण्यास २३ सेकंद लागत. परंतु त्याच यंत्राच्या वंशजांनी पुढे स्टुडिओतील अंधारी खोली ओस पाडली. आता प्रकाशाचे अंक होतात, आणि इंकजेट यंत्र त्या अंकांबरहुकूम शाईचे सूक्ष्म थेंब कागदावर उडविते.

शाईची तसबीर टिकणार किती, असा जुन्या रसिकांचा आक्षेप असतो. आरंभीच्या विरघळणाऱ्या रंगांच्या शाया लवकर विटत, हे खरे. परंतु घन रंगकणांची शाई आणि आम्लरहित सुती कागद यांची जोड मिळाल्यावर ती उणीव बरीच भरून निघाली. उलट, १९७०च्या सुमारास रासायनिक रीतीने काढलेल्या कित्येक रंगीत तसबिरी आज तांबूस पडलेल्या आढळतात. तेव्हा शाईस दोष देणे न्यायाचे नव्हे.

खरी भीती निराळीच आहे. आज चित्रे असंख्य निघतात, पण कागदावर फारच थोडी उतरतात. यंत्र बिघडले की सर्वच नाहीशी होतात. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यास निवर्तले. त्यांनी जन्मभर गावोगावची दप्तरे धुंडाळली. ती सापडली, कारण कोणी तरी कागद जपून ठेवले होते. उद्याच्या संशोधकास आमच्या घरांत काय सापडेल?

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक कुटुंबाने वर्षातून एक तरी तसबीर चांगल्या कागदावर छापून घ्यावी, खानदेशच्या कडक उन्हापासून दूर ठेवावी, आणि तिच्या पाठीवर नावे, गाव व तारीख लिहावी. नाव नसलेला चेहरा इतिहासास मुकाच राहतो.