वरळी १९७४ : मत नाकारणाऱ्या वस्तीचा इतिहास

निवडणूक आली की पुढाऱ्यांना आमच्या वस्त्या आठवतात. 'तिथली मतं आपलीच' असा हिशोब आधीच मांडलेला असतो. हा हिशोब एकदा एका वस्तीने उधळून लावला होता. दंगलीची गोष्ट म्हणून ती आम्हाला सांगितली जाते. खरे तर ती मताच्या किमतीची गोष्ट आहे.

वरळीच्या बीडीडी चाळी ब्रिटिश सरकारने १९२० च्या दशकात बांधल्या. १६० चौरस फुटांची एकेक खोली, त्यात गिरणी कामगार, पालिकेचे कामगार, पोलिसांची कुटुंबे. बौद्धांच्या चाळी आणि सवर्णांच्या चाळी शेजारी शेजारी. गावातून आलेल्या माणसांबरोबर गावकूसही मुंबईत आले होते.

हा भाग मध्य मुंबई लोकसभा मतदारसंघात मोडत होता. तिथले खासदार रा. धों. भंडारे मूळचे रिपब्लिकन चळवळीतले. १९६६ मध्ये ते काँग्रेसमध्ये गेले आणि १९६७ व १९७१ मध्ये निवडून आले. १९७३ मध्ये त्यांना बिहारचे राज्यपाल केले गेले, जागा रिकामी झाली आणि जानेवारी १९७४ मध्ये पोटनिवडणूक लागली. काँग्रेसने रामराव आदिक यांना उभे केले. शिवसेनेचा त्यांना पाठिंबा होता. कम्युनिस्ट पक्षातर्फे कॉ. डांगे यांच्या कन्या रोझा देशपांडे उभ्या होत्या. महागाई आणि दुष्काळाने कामगार आधीच पिचलेला होता.

दलित पँथर तेव्हा जेमतेम दीड वर्षाची होती. इंदापूर तालुक्यातील बावड्यात बौद्धांवर गावाने टाकलेला बहिष्कार, परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावात स्त्रियांची झालेली विटंबना, ही १९७२ मधली प्रकरणे ताजी होती. अत्याचार थांबवू न शकणाऱ्या सरकारला मत कशासाठी द्यायचे? या प्रश्नाला पँथरने उत्तर दिले : मतदानावर बहिष्कार!

५ जानेवारी १९७४ रोजी वरळीत पँथरची सभा झाली. सभेवर दगडफेक झाली, पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि दंगल पेटली. गोळीबारात रमेश देवरुखकर गेला. १० जानेवारीला निषेधाचा मोर्चा निघाला. परळ भागात वरून टाकलेल्या दगडी पाट्याने भागवत जाधवचा बळी घेतला. वरळी आणि नायगाव पुढे कित्येक आठवडे धुमसत राहिले. चौकशीसाठी न्या. भस्मे आयोग नेमला गेला.

निकाल लागला तेव्हा आदिक पडले होते आणि रोझा देशपांडे लोकसभेत गेल्या होत्या. या पराभवाला महागाईही कारणीभूत होती, हे आम्ही नाकारत नाही. पण बौद्ध मतदार काँग्रेसच्या खात्यावर कायमचा जमा आहे, ही समजूत मात्र तिथे मोडली.

काहीजण विचारतात, बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीसमोर ज्या मताधिकारासाठी बाजू मांडली, तोच अधिकार न वापरणे हा त्यांच्या विचारांशी द्रोह नव्हे काय? आमचे म्हणणे वेगळे आहे. मत नाकारण्याची ताकद असते तिथेच मताला किंमत येते. सवयीने टाकलेले मत ही गुलामीच. पँथरने मताचा अपमान केला नाही. मत गृहीत धरणाऱ्यांचा हिशोब चुकवला.

तरीही या इतिहासाची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. बहिष्काराने एकाला पाडता आले, आपला माणूस निवडून आणता आला नाही. जागा दुसऱ्याच पक्षाकडे गेली. वस्तीच्या वाट्याला लाठ्या, खटले आणि दोन तरुणांचे मृतदेह आले. त्याच वर्षी पँथर फुटली. रस्त्यावर कमावलेली ताकद मतपेटीपर्यंत नेणारी संघटना उभी राहिली नाही. नकार ही सुरुवात असते, तिलाच राजकारण समजलो तर फायदा दुसऱ्याचा होतो.

आज त्या चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. १६० फुटांच्या खोलीऐवजी ५०० फुटांचे घर मिळणार, हा रहिवाशांचा हक्क आहे. कोणा पक्षाचे उपकार नव्हेत. चाळी पाडल्या जातील, पण वरळीने विचारलेला प्रश्न पाडता येणार नाही. पुढच्या निवडणुकीत कोणी दारात आला तर तरुणांनी आधी तोच विचारावा : आमच्या मताच्या बदल्यात आमचे प्रतिनिधित्व कुठे आहे?

भागवत जाधव, रमेश देवरुखकर यांना अभिवादन. जय भीम!