गाडी ऑइल खाते? इंजिन खोलण्याआधी मोजून पाहा

मेढ्याहून रोज साताऱ्याला जाणाऱ्या किंवा केळघर घाटातून महाबळेश्वरला भाडं मारणाऱ्या गाडीवाल्यांची एक तक्रार नेहमी कानावर येते: "गाडी ऑइल खातेय." त्यावर गॅरेजमध्ये बऱ्याचदा एकच उत्तर मिळतं, रिंगा गेल्या, इंजिनकाम काढावं लागेल. आपल्या अनेक घरांत गाडी हीच रोजी असते. एवढा खर्च अंगावर घेण्याआधी कारण नीट शोधलेलं बरं.

थोडं ऑइल प्रत्येक इंजिन जाळतं. सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर लागतोच, त्यातला काही जळणार. जास्त कशाला म्हणायचं, याचं माप गाडीच्या पुस्तकात असतं. काही कंपन्या १००० किमीला एक लिटरसुद्धा चालवून घेतात. माझ्या मते हे माप गिऱ्हाइकापेक्षा कंपनीच्या सोयीचं आहे. अमेरिकेत २००७ ते २००९ च्या काही टोयोटा कॅमरी गाड्या ऑइल पीत होत्या. तिथे कंपनीने तपासणीची मर्यादा ठेवली ती १२०० मैलांत एक क्वार्ट, म्हणजे १००० किमीला साधारण अर्धा लिटर. त्यापेक्षा जास्त खाणाऱ्या गाड्यांसाठी पिस्टन-रिंगा बदलून देण्याची योजना काढली.

आता मोजायचं कसं? गाडी सपाट जागी लावा. मेढ्यात अशी जागा शोधावी लागते, पण उतारावर घेतलेलं माप खोटं येतं. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा. किलोमीटर लिहून ठेवा. १००० किमी झाल्यावर त्याच जागी, मापाच्या भांड्याने पुन्हा वरच्या खुणेपर्यंत भरा. जेवढं लागलं तेवढं गाडीने खाल्लं. मधे दर २०० किमीला पातळी बघत राहा. हा आकडा नसताना इंजिन खोलू देऊ नका.

पहिला संशय गळतीवर घ्या. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल सील, फिल्टर, ड्रेन बोल्टचा वॉशर या नेहमीच्या जागा. पण टॅपेट कव्हरमधून गळणारं ऑइल गरम सायलेन्सर पाइपवर पडून जळतं. पुठ्ठा कोरडा राहतो आणि फक्त वास येतो. मग पीसीव्ही वॉल्व्ह बघा. इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर काढणारा हा छोटा वॉल्व्ह चोंदला तर आतला दाब वाढतो आणि ऑइल वाट मिळेल तिथून निघतं. रिंगांच्या मानाने हे काम अगदी स्वस्त आहे, तरी तपासायचं सर्वात जास्त विसरलं जातं.

धूर पुष्कळ सांगतो. पावसाळ्यातल्या सकाळी निघणारी आणि लगेच विरणारी पांढरी वाफ म्हणजे पाणी, तिची भीती नको. निळसर धूर म्हणजे ऑइल. पेट्रोल गाडीत सकाळी स्टार्ट करताना एक भपकारा येतो किंवा घाट गिअरमध्ये उतरून खाली अॅक्सिलरेटर दिल्यावर येतो, तर वॉल्व्ह सीलवर संशय घ्यावा. चढावर जोर लावताना सतत निळा धूर असेल तर रिंगा किंवा बोअर.

पक्कं करायला पेट्रोल गाडीची कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा चांगला वाढला तर दोष रिंगांचा. तसाच राहिला तर वॉल्व्हचा. ऑइल टाकायचा हा प्रयोग डिझेलवर करू नये. वॉल्व्ह सील अनेक गाड्यांत हेड न उतरवता बदलता येतात, हे उस्तादला आवर्जून विचारा.

टर्बो डिझेलमध्ये टर्बोचं सीलही बघा. तिथून खूप ऑइल इनटेकमध्ये गेलं तर इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळत सुटतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. अशा वेळी ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा म्हणजे इंजिन बंद पडतं. बीएस-६ डिझेलमध्ये आणखी एक फसवणूक आहे: छोट्या फेऱ्यांमुळे डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी उलट वाढलेली दिसते.

लाल दिव्याच्या भरवशावर राहू नका. तो पातळी नाही, दाब दाखवतो; तो लागेपर्यंत बेअरिंगचं नुकसान सुरू झालेलं असू शकतं. लागलाच तर गाडी तिथेच बंद करा.

जुनी गाडी घेताना थंड इंजिन स्वतः स्टार्ट करून मागे धूर बघा. विकण्याआधी जाड ऑइल भरून धूर काही दिवस दाबला जातो. ऐब लपवून माल विकणं जायज नाही हे सगळ्यांना माहीत आहे, तरी होतं.

दुरुस्ती होईपर्यंत पुस्तकात दिलेल्या ग्रेडचा सीलबंद डबा डिकीत ठेवा, आणि टॉप-अप करताना वरच्या खुणेच्या पुढे जाऊ नका. जादा भरलेलं ऑइलही जळतंच.