गिटारच्या चाव्यांवरचा काळा थर

बिदरच्या माणसाला धातूवरचा काळा रंग प्रिय. किल्ल्यातली माती आणि नवसागर लावून बिदरीचे भांडे आपण मुद्दाम काळे करतो. म्हणूनच की काय, भालकीच्या एका घरातली जुनी हवाईयन गिटार माळ्यावरून उतरवली तेव्हा तिच्या चाव्यांचा काळेपणा कुणाला खुपला नाही. पण तो होता जुन्या तेलाचा आणि धुळीचा.

हे वाद्य दूरचे. तारेवर पोलाद सरकवण्याची ही तऱ्हा हवाई बेटांवर जोसेफ केकुकूने १८८९ च्या सुमारास रूढ केली. ताऊ मो हा वादक १९४० च्या दशकात कलकत्त्यात राहिला. पुढे व्हॅन शिपलेच्या तबकड्यांनी चित्रपटगीते या गिटारीवर घरोघर नेली.

चावीचे मळसूत्र फिरले की दातेरी चाक सरकते, तार ताणली जाते. दात्यांत मळ बसला की सूर ठरत नाही. ‘नव्या चाव्या बसवा,’ असा सल्ला मिळाला; मानला नाही. तारा सैल करून एकेक चावी काढली, तिचे धातूचे भाग रॉकेलने, दातांच्या जुन्या ब्रशने घासले. लाकडाला रॉकेल लागू दिले नाही. पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब सोडला.

पाच चाव्या मोकळ्या झाल्या. सहावीचा दाता झिजलेला निघाला. ती अजून जपूनच फिरवावी लागते.