पुण्यतिथीचा झाला महोत्सव

पुण्याचा ‘सवाई’ संगीत महोत्सव मुळात एका गुरूची पुण्यतिथी आहे. रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व हे किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य आणि संगीत रंगभूमीवरचे नामवंत गायकनट. उतारवयात पक्षाघातानं त्यांचं गाणं थांबलं. जानेवारी १९४६ मध्ये पुण्यात त्यांच्या साठीचा सोहळा झाला, त्यात त्यांचे तरुण शिष्य भीमसेन जोशी गायले. १२ सप्टेंबर १९५२ रोजी सवाई गंधर्व गेले.

पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, शिष्यांनी गाऊन त्यांचं स्मरण केलं. हुबळीहून कुंदगोळला आगगाडीनं जाऊन शिकलेल्या गंगूबाई हनगल, मुंबईचे फिरोज दस्तूर आणि गुरूच्या घरी राहून शिकलेले भीमसेन हे सारे एकाच गुरूचे. गुरूचे जावई डॉ. नानासाहेब देशपांडे पाठीशी होते. आयोजनाची जबाबदारी आर्य संगीत प्रसारक मंडळानं घेतली. खाँसाहेबांनी पुण्यात चालवलेल्या शाळेच्या नावातही ‘आर्य संगीत’च होतं: आर्य संगीत विद्यालय.

या महोत्सवाचा कणा म्हणजे गाणारा शिष्य स्वतःच यजमान असणं. भीमसेनांनी देशभरातल्या कलावंतांना बोलावलं. घराण्यांच्या भिंती आड येऊ दिल्या नाहीत आणि बुजुर्गांच्या बरोबरीनं नवोदितांनाही तेच व्यासपीठ दिलं. डिसेंबरच्या थंडीत, शाली पांघरून, हजारो श्रोते उघड्या मांडवात रात्र रात्र गाणं ऐकू लागले. रेणुका स्वरूप शाळा आणि रमणबाग ही मैदानं रसिकांच्या पिढ्यांना पाठ झाली. ध्वनिक्षेपकावर रात्रीच्या वेळेची बंधनं आली, तेव्हा मैफली पहाटेपर्यंत चालेनाशा झाल्या. मग वेळापत्रक बदललं, दिवस वाढले. २०१८ पासून मांडव मुकुंदनगरला पडू लागला.

२४ जानेवारी २०११ रोजी भीमसेन गेले. त्यानंतर महोत्सवाच्या नावात गुरूशेजारी शिष्याचंही नाव आलं. यजमानपद त्यांचे पुत्र आणि शिष्य श्रीनिवास जोशी यांच्याकडे गेलं. सांगता मात्र आजही सवाई गंधर्वांच्याच आवाजातल्या भैरवीच्या ध्वनिमुद्रिकेनं होते.

मोठा उत्सव पैशानं आणि प्रसिद्धीनं उभा राहतोही. पण सात दशकं टिकायला आयोजकाच्या मनात कुणाचं तरी ऋण असावं लागतं. ते ऋण फेडायचा रिवाज शिष्यांनी घातला आणि पुण्यानं तो आपला मानला.